मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नाही

हवालदार असताना माझ्या हातात कायम लांब हत्यार असायचं. आधी थ्री-नॉट-थ्री, मग एसएलआर, नंतर इन्सास. खात्यांतर्गत परीक्षा देऊन उपनिरीक्षक झाले आणि हत्यार खांद्यावरून कमरेवर आलं. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेलं ९ एमएम पिस्तूल, कागदोपत्री नाव 'पिस्टल ऑटो ९ एमएम १ए'. ज्याला रायफल येते त्याला पिस्तूल काय अवघड, असं आमच्या तुकडीत बऱ्याच जणांना वाटत होतं. रायफलवर ज्यांचा हात चांगला होता त्यांना तर जास्तच. त्या प्रशिक्षणातून आणि नंतरच्या ड्युटीतून माझी जी खात्री झाली ती इथे लिहिते आहे. पिस्तुलाचा विषय निघाला की सगळे नेमाबद्दल बोलतात. सर्व्हिस पिस्तूल बाळगणाऱ्याचं निम्म्याहून जास्त काम ते रिकामं करण्याचं असतं, आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

थ्री-नॉट-थ्री साधारण ४ किलोची आणि एक मीटरहून लांब. तिचं तोंड फिरवायचं तर अख्खं अंग फिरवावं लागतं, आणि आजूबाजूच्या चौघांना ते दिसतं. हे पिस्तूल ९०० ग्रॅमच्या आसपास, लांबी २० सेंटिमीटर. मनगट जरासं वळलं की बॅरलचं (नळीचं) तोंड शेजारच्याच्या पोटावर. पहिल्याच तासाला उस्तादांनी, म्हणजे आमच्या प्रशिक्षकांनी, हे करून दाखवलं. आमच्या हातात रबरी पिस्तुलं दिली, टार्गेटकडे तोंड करून उभं केलं, आणि मागे जाऊन एकेकाला नावाने हाक मारली. ज्याला हाक मारली तो वळला. वळताना हातही वळला, आणि रांगेतल्या दोघातिघांवरून पिस्तूल फिरून गेलं.

"मॅडम, मान वळवा, खांदा नको. तुम्ही वळलात की ते पण वळतं," उस्ताद म्हणाले.

बोटाचंही त्याच तासाला शिकवलं. शिस्त घेतली नाही, म्हणजे नेम धरला नाही, तोपर्यंत पहिलं बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, फ्रेमला लावून सरळ. घट्ट मुठीत धरलेल्या वस्तूवर माणसाचं बोट आपोआप वाकतं. पाय घसरला, कोणी धक्का दिला, दुसऱ्या हाताने कोणाची कॉलर पकडली, की पिस्तुलाच्या हाताची बोटंही सोबत आवळली जातात. ही शरीराची रीत आहे, हुशारीने टळत नाही. बोट बाहेर ठेवायची सवयच लावावी लागते. रबरी पिस्तुलावर ती सवय दिसेपर्यंत उस्तादांनी कोणाच्याही हातात खरं हत्यार दिलं नाही.

खरं पिस्तूल हातात आलं तेव्हा आधी रजिस्टर आलं. बट नंबर (पिस्तुलावरचा ओळख क्रमांक), मॅगझिन (काडतुसांची पेटी) किती, राउंड (काडतुसं) किती, वेळ, सही. बट नंबर स्वतः पिस्तुलावर वाचायचा, शस्त्रागारातल्या अंमलदाराने सांगितला म्हणून लिहायचा नाही. हे कारकुनी वाटतं, पण त्यामागे मोठं कारण आहे, त्याबद्दल पुढे लिहिते.

मग सुटं करणं. मला हा भाग मनापासून आवडला, आणि माझं मत असं की ज्याने पिस्तूल आतून पाहिलं नाही त्याला ते बाळगायला देऊच नये. मॅगझिन काढायचं, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर (बॅरलमधली काडतुसाची जागा) बघायचं, मग स्लाइड मागच्या मागे सेफ्टी कॅचवर अडकवायची, उजव्या बाजूने स्लाइड स्टॉपची पिन दाबून डावीकडे काढायची. मग स्लाइड धरून ठेवत सेफ्टी सोडायची आणि ती पुढे सरकवून फ्रेमवरून उतरवायची. आतून स्प्रिंग, गाइड आणि बॅरल निघतं. टेबलावरच्या कापडावर मोजके भाग पडतात, आणि तेवढ्यावर सगळा कारभार.

ही रचना आजची नाही. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन शस्त्रकाराने बेल्जियममधल्या एफएन कारखान्यासाठी या कामाला सुरुवात केली. १९२६ मध्ये तो तिथेच वारला. त्याच्या मागे दिएदोने सेव्ह याने काम पुरं केलं आणि १९३५ मध्ये पिस्तूल बाजारात आलं. दुसऱ्या महायुद्धात बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर कॅनडात टोरांटोच्या इंग्लिस कंपनीने तेच पिस्तूल बनवलं, आणि ईशापूरचं पिस्तूल त्या कॅनेडियन नमुन्यावरून आलं. सेव्हची मोठी करामत म्हणजे मॅगझिन. त्यात काडतुसं एकाखाली एक सरळ न बसता दोन रांगांत आलटून पालटून बसतात, म्हणून हाताच्या मुठीएवढ्या जागेत १३ राउंड मावतात. त्याच काळातल्या बहुतेक पिस्तुलांत सात-आठ मावत, आणि आमच्या जुन्या अधिकाऱ्यांच्या .३८ रिव्हॉल्वरमध्ये ६. त्याची किंमत मुठीच्या जाडीत मोजावी लागते. माझा हात लहान आहे. पकड पुरी बसवली की ट्रिगरवर बोटाचं टोक जेमतेम पोचायचं. आमच्या तुकडीतल्या बहुतेक महिलांना हीच अडचण होती, आणि त्यावर उपाय म्हणून उस्तादांनी पकड थोडी फिरवून न देता हाताची ताकद वाढवायला लावली. पकड फिरवली की धक्का अंगठ्याच्या बुडावर येतो आणि पुढचा राउंड भलतीकडे जातो.

टेबलावर बॅरल हातात घेऊन बघितलं की एक राउंड सुटताना आत काय होतं ते कळतं. बॅरलच्या पाठीवर दोन उंचवटे आहेत, ते स्लाइडच्या आतल्या खाचांत बसतात. गोळी सुटली की बॅरल आणि स्लाइड एकमेकांना धरून थोडं अंतर बरोबरच मागे येतात. तेवढ्या वेळात गोळी बॅरलबाहेर पडते आणि आतला दाब उतरतो. मग बॅरलच्या खालच्या बाजूचा उतार त्याला खाली खेचतो, कडी निघावी तसे उंचवटे खाचांतून सुटतात, बॅरल थांबतं आणि स्लाइड एकटी मागे जाते. जाता जाता ती रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकते, हॅमर (मागचा घोडा) चढवते, आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना मॅगझिनमधला वरचा राउंड चेंबरमध्ये ढकलते. हे सगळं डोळ्याची पापणी मिटायच्या आत होतं. ट्रिगर मात्र पूर्ण सोडून पुन्हा दाबल्याशिवाय दुसरा राउंड सुटत नाही, म्हणून हे सेमी-ऑटोमॅटिक.

या वर्णनातलं एक वाक्य मी स्वतःशी पुन्हा पुन्हा म्हणत असे: पुढे येताना स्लाइड मॅगझिनमधला वरचा राउंड चेंबरमध्ये ढकलते. पिस्तूल रिकामं करताना होणारे बहुतेक अपघात या एका गोष्टीतून समजतात.

रिव्हॉल्वरमध्ये सिलिंडर बाहेर काढला की सहाही घरं समोर दिसतात. भरलेलं की रिकामं, लहान मूलही सांगेल. पिस्तुलात दोन ठिकाणी काडतूस असू शकतं, मॅगझिनमध्ये आणि चेंबरमध्ये, आणि बाहेरून दोन्ही दिसत नाहीत. आता समजा एखाद्याने घाईत आधी स्लाइड ओढली. चेंबरमधला राउंड बाहेर पडला, तो त्याने डोळ्यांनी पाहिला, जमिनीवर पडल्याचा आवाज ऐकला. स्लाइड पुढे आली आणि येताना मॅगझिनमधला पुढचा राउंड आत घेऊन आली. मग त्याने मॅगझिन काढलं. राउंड बाहेर पडलेला दिसतो आहे, मॅगझिन हातात आहे, आणि चेंबर भरलेलं आहे. दोन्ही कामं केली, फक्त क्रम उलटा झाला. म्हणून आधी मॅगझिन, मग स्लाइड. या क्रमाला अपवाद नाही.

आमच्या पिस्तुलात याला आणखी एक पदर आहे. ब्राउनिंगच्या या नमुन्यात मॅगझिन सेफ्टी असते. मॅगझिन आत नसेल तर ट्रिगर आणि हॅमर यांच्यातला दुवाच जुळत नाही, ट्रिगर दाबला तरी काही होत नाही. ऐकायला हे फार सुरक्षित वाटतं. मला मात्र प्रशिक्षणात सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटली. एक तर यामुळे 'मॅगझिन काढलं, आता काय होतंय' ही भावना बोटांत मुरते. दुसरं असं की स्लाइड ओढल्यावर हॅमर चढलेला राहतो. पिस्तूल जमा करताना तो उतरवावा लागतो, आणि मॅगझिन नसेल तर तो ट्रिगरने उतरत नाही. म्हणजे रिकाम्या केलेल्या पिस्तुलात पुन्हा रिकामं मॅगझिन घालायचं, वाळूच्या पेटीकडे (चुकून सुटलेली गोळी अडवायला ठेवलेल्या) तोंड करून ट्रिगर दाबायचा, आणि मॅगझिन परत काढायचं. रिकामं करण्याच्या कामातच भरण्यासारखी एक हालचाल येऊन बसते. थकलेला माणूस, रात्रभराचा बंदोबस्त, पाऊचमध्ये भरलेलं मॅगझिन आणि हातात रिकामं मॅगझिन. यांची अदलाबदल होऊ नये म्हणून आमच्या उस्तादांचा नियम कडक होता. भरलेली मॅगझिनं आधी शस्त्रागाराच्या खिडकीतून आत द्यायची, त्यातले राउंड मोजून घेऊ द्यायचे, आणि हॅमर उतरवायला शस्त्रागारातलंच एक मॅगझिन वापरायचं, ज्यात राउंड कधीच भरले जात नाहीत. त्याच्या बुडाला लाल रंग होता. इतकी साधी गोष्ट, पण सगळीकडे दिसत नाही.

तर आमचा क्रम असा बसला. पिस्तूल वाळूच्या पेटीकडे. बोट बाहेर. मॅगझिन काढा. या पिस्तुलात ते बटण दाबल्यावर आपणहून खाली पडत नाही, मॅगझिन सेफ्टीचा दाब त्याला अडवतो, म्हणून दुसऱ्या हाताने ओढायचं. स्लाइड मागे, अडकवून ठेवा. चेंबरमध्ये बघा. मग करंगळी घालून चाचपा. रात्री डोळा फसतो, बोट फसत नाही. मॅगझिनच्या रिकाम्या जागेतही बघा. शेजाऱ्याला दाखवा. स्लाइड सोडा. लाल मॅगझिन, ट्रिगर, लाल मॅगझिन बाहेर. हे आम्ही इतक्या वेळा केलं की झोपेत कोणी उठवून हातात पिस्तूल दिलं असतं तरी पहिला हात मॅगझिनच्या बटणावर गेला असता.

पिस्तूल भरून कमरेला लावताना चेंबर रिकामं ठेवायचं, असं आम्हाला शिकवलं. मॅगझिनमध्ये राउंड, चेंबर खाली, हॅमर खाली. यावर तुकडीत खूप चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी. हे पिस्तूल सिंगल अॅक्शन आहे, म्हणजे ट्रिगर फक्त हॅमर सोडतो, चढवत नाही. चेंबरमध्ये राउंड ठेवून बाळगायचं तर हॅमर चढवून सेफ्टी लावून बाळगावं लागतं. सेफ्टी कॅच इतका लहान आहे की हातमोजे घातले किंवा घाम आला तर अंगठा त्यावरून सटकतो. दुसरा मार्ग म्हणजे भरलेल्या चेंबरवर अंगठ्याने धरून हॅमर हळूच खाली सोडणं, आणि तो आम्हाला साफ बंद होता, कारण अंगठा निसटला तर राउंड सुटलाच. उरतं रिकामं चेंबर. त्यात तोटा असा की पिस्तूल वापरायचं झालं तर कॉक करायला, म्हणजे स्लाइड ओढून चेंबर भरायला, दोन हात लागतात आणि क्षण लागतो. एका हाताने आरोपीला धरलेलं असेल तर तो दुसरा हात कुठून आणायचा? आमच्यातल्या एका सहकाऱ्याने हे विचारलं. उस्तादांनी त्याला गप्प केलं नाही. आरोपीला धरायची वेळ आली तर पिस्तूल होल्स्टरमध्येच असायला हवं, असं त्यांचं उत्तर होतं, आणि एका हाताने कॉक करायच्या पद्धतीही त्यांनी ड्रिल राउंडवर (न उडणाऱ्या नकली काडतुसांवर) दाखवल्या. माझं मत विचाराल तर, ज्या दलात माणसाला सरावासाठी वर्षभरात मोजकेच राउंड मिळतात तिथे रिकामं चेंबर हाच शहाणपणाचा निर्णय आहे. रोज सराव करणाऱ्या विशेष पथकांची गोष्ट वेगळी.

मग चांदमारी, म्हणजे टार्गेटवर गोळीबाराचा सराव. पक्की पकड, दुरुस्त शिस्त, योग्य ट्रिगर ऑपरेशन, हे तीन शब्द रायफलच्या वेळीही ऐकले होते. पिस्तुलात त्यातला तिसरा बाकीच्या दोघांना खाऊन टाकतो. रायफल खांद्याला टेकलेली असते, गालाला लागलेली असते, तिला डाव्या हाताचा आधार असतो. पिस्तूल सगळं मनगटांवर. शिवाय या पिस्तुलाच्या दोन्ही साइटमध्ये (नेम धरायची मागची खाच आणि पुढची फोरसाइट) साधारण १६ सेंटिमीटरच अंतर आहे. हिशोब करून बघा: फोरसाइट खाचेच्या मध्यापासून १ मिलिमीटर सरकली तर १० मीटरवर गोळी ६ सेंटिमीटर सरकते आणि २५ मीटरवर १५ सेंटिमीटरहून जास्त. बोटाने ट्रिगर झटक्याने ओढला की फोरसाइट १ मिलिमीटर तर सहज हलते. रायफलवरचे चांगले नेमबाज २५ मीटरवर वॉशआउट (टार्गेट चुकवून नापास) का होत होते ते या आकड्यात आहे.

ट्रिगरसाठी आधी राउंडशिवाय सराव झाला. स्लाइडवर, फोरसाइटच्या मागे नाणं ठेवायचं आणि ते न पाडता ट्रिगर दाबायचा. नजर टार्गेटवर नाही, फोरसाइटच्या टोकावर. टार्गेट धूसर दिसलं पाहिजे. मनाला हे पटत नाही, कारण धोका समोर असतो आणि डोळा धोक्याकडे धावतो. मॅगझिन सेफ्टीमुळे या पिस्तुलाचा ट्रिगर थोडा घासत येतो, स्वच्छ सुटत नाही. त्याची तक्रार करण्यापेक्षा त्याच्या सवयीचं होणं बरं. दाब एकसारखा वाढवत न्यायचा, हॅमर नेमका कधी पडेल ते आपल्यालाही कळू नये.

खऱ्या राउंडवर आलो तेव्हा उस्तादांनी एक युक्ती केली. मॅगझिन त्यांनी स्वतः भरलं, आणि खऱ्या राउंडमध्ये मध्येच ड्रिल राउंड मिसळले. फायर करणाऱ्याला माहीत नाही की आता धडाका होणार की नुसता खट्ट. ड्रिल राउंड आला की सगळ्यांना दिसायचं: आवाज नाही, धक्का नाही, तरी पिस्तुलाचं तोंड खाली आपटलं. शरीर आवाजाच्या आधीच आवाजाला उत्तर देतं. एरवी धक्क्यामुळे हे झाकलं जातं आणि माणूस साइटला दोष देतो. पुढे मला स्वतःला कोणाला शिकवायची वेळ आली तेव्हा मी हाच सराव सर्वांत आधी घेतला, कारण यात बोलावं लागत नाही, ज्याचं त्याला दिसतं.

पकडीबद्दल एक गोष्ट या पिस्तुलापुरती. हात जितका वर, बॅरलच्या जवळ, तितका धक्का सरळ मागे येतो, म्हणून वर पकडा असं सांगतात. पण फार वर पकडलं तर स्लाइड मागे येताना हॅमर अंगठा आणि बोटाच्या मधल्या कातडीला चिमटा काढतो. मांसल हाताच्या सहकाऱ्यांचं रक्त निघालेलं मी पाहिलं आहे. नेमकी जागा प्रत्येकाने आपापल्या हातावर शोधायची.

पिस्तूल अडण्याचेही प्रकार झाले. पुंगळी बाहेर पडताना स्लाइडमध्ये उभी अडकते, बहुतेक वेळा मनगट ढिलं असल्याने. फ्रेम हातासोबत मागे गेली तर स्लाइडला मागे जायला पुरता आधार मिळत नाही. दुसरं कारण मॅगझिन. तोंडाच्या पात्या जराशा वाकल्या की राउंड तिरका चढतो. म्हणून मॅगझिनवर नंबर टाका, अडलेलं मॅगझिन वेगळं ठेवा, पुन्हा त्याच ढिगात टाकू नका. अडलं की बोट बाहेर, तोंड टार्गेटकडे, बुडाला थाप, स्लाइड ओढा, बघा. चालू फायरमध्ये पिस्तूल वळवून तोंडासमोर आणून काय झालंय ते बघण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि चांदमारीवर सगळ्यात मोठा आवाज उस्ताद त्याच वेळी चढवतात.

संपल्यावर पुंगळ्या वेचणं. जितके राउंड घेतले तितक्या पुंगळ्या जमा. एक कमी पडली तर अख्खी रांग गवतात वाकलेली. मग बॅरल साफ, पुलथ्रू (बॅरलमधून ओढायची दोरी), चिंधी, तेलाचा पातळ हात. जास्त तेल चेंबरमध्ये राहिलं तर तेही घातक.

कायद्याच्या तासाला आम्ही दमलेले असायचो, पण मी तो तास जागी राहून ऐकला. अटक करताना लागेल तेवढं बळ वापरता येतं. मात्र ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही त्यातल्या आरोपीचा जीव घेण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ मध्ये आहे. स्वसंरक्षणाचा हक्क पोलिसालाही इतर नागरिकांसारखाच, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये, त्याच मर्यादांसह. आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये पीयूसीएल (पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही नागरी हक्क संघटना) विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात चकमकींच्या तपासासाठी १६ मार्गदर्शक सूत्रं घालून दिली. त्यातल्या एका सूत्रानुसार संबंधित अधिकाऱ्याने आपलं हत्यार न्यायवैद्यक तपासणीसाठी जमा करायचं असतं.

इथे तो बट नंबर परत येतो. बॅरलच्या आतल्या पिळांचे ओरखडे गोळीवर उमटतात, फायरिंग पिनची खूण पुंगळीच्या बुडावर पडते, आणि या खुणा त्या त्या पिस्तुलाच्या असतात. रजिस्टरमध्ये चुकीचा नंबर म्हणजे दुसऱ्या कोणाच्या गोळीची जबाबदारी माझ्या नावावर, किंवा माझी दुसऱ्याच्या. एका अंकाच्या हलगर्जीने निर्दोष माणूस वर्षानुवर्षं चौकशीत अडकू शकतो. म्हणून मी आजही नंबर मोठ्याने वाचून मगच सही करते, मागे कितीही रांग असली तरी.

ड्युटीवर पिस्तूल घेतल्यावर कळलं की त्याचा बहुतेक वेळ होल्स्टरमध्ये जातो आणि तिथेच त्याला सांभाळायचं असतं. सभेच्या गर्दीत, मिरवणुकीत, ढकलाढकलीत कोपर सतत त्याच्यावर ठेवावं लागतं. लॅनयार्ड कित्येकांना शोभेची वाटते. पळताना किंवा झटापटीत पिस्तूल निसटलं तर ते जमिनीवर दुसऱ्याच्या हाती लागण्याऐवजी आपल्याच अंगाला लटकून राहतं, एवढं त्या दोरीचं काम आहे. जीपमध्ये बसताना, स्वच्छतागृहात जाताना, जेवायला बसताना ते कुठे ठेवायचं याचे नियम कोणत्याही पुस्तकात सापडत नाहीत. महिला अधिकाऱ्यांना स्वच्छतागृहाचा प्रश्न विशेष येतो, पट्टा उतरवावा लागतो. मी ठरवलेला नियम असा: पट्टा उतरवला तरी होल्स्टरचं बटण उघडायचं नाही, आणि पट्टा खुंटीला न टांगता मानेत अडकवायचा. नव्याने येणाऱ्या मुलींना मी हे आवर्जून सांगते, कारण त्यांना हे सांगणारं कोणी नसतं.

आता अनेक दलांप्रमाणे आमच्याकडेही काही ग्लॉक १७ आली आहेत. ऑस्ट्रियाच्या गॅस्टन ग्लॉकचं हे पिस्तूल तिथल्या सैन्याने १९८२ मध्ये स्वीकारलं. फ्रेम पॉलिमरची, त्यामुळे रिकामं वजन ६५० ग्रॅमच्या आत, आणि मॅगझिनमध्ये १७ राउंड. वजन हलकं, धक्का सौम्य, ट्रिगर प्रत्येक वेळी एकसारखा. हातात घेतल्यावर माझ्या लहान हातालाही ते जुन्यापेक्षा बरं बसलं. तरुण अधिकारी खूश आहेत, आणि त्यांनी व्हावंच. पण त्याला अंगठ्याचा सेफ्टी कॅच नाही. त्याच्या तीन सेफ्टी आपोआप चालणाऱ्या आहेत आणि ट्रिगर दाबला की तिन्ही सुटतात. मॅगझिन सेफ्टीही नाही: मॅगझिन हातात असलं आणि चेंबरमध्ये राउंड असला तर तो सुटणार. त्यावर कहर म्हणजे साफसफाईसाठी सुटं करताना आधी ट्रिगर दाबावाच लागतो, त्याशिवाय स्लाइड निघत नाही.

ईशापूरच्या पिस्तुलावर घडलेल्या हाताला ही गोष्ट सगळ्यात धोक्याची. तिथे मॅगझिन काढल्यावर ट्रिगर मेलेला असतो, इथे जिवंत. एकाच शस्त्रागारात दोन्ही प्रकार, आणि आज हे तर उद्या ते. म्हणून जिथे माझं ऐकलं जातं तिथे मी दोन्हींसाठी एकच क्रम लावून घेतला आहे, ग्लॉकला लाल मॅगझिन लागत नसलं तरी. पिस्तूल कुठलं आहे याचा विचार हाताने करायचाच नाही. वाळूची पेटी, मॅगझिन, स्लाइड, डोळा, करंगळी, शेजारी. ग्लॉक सुटं करायला शिकवताना ट्रिगरला हात लावण्याआधी चेंबर शेजाऱ्यासमोर धरायला लावते, आणि 'खाली' हा शब्द दाखवणाऱ्याने उच्चारायचा नाही, वाकून बघणाऱ्याने उच्चारायचा. बघणारा न वाकता म्हणाला तर दोघांनी पहिल्यापासून पुन्हा सुरुवात करायची.